सव्वा मूठ जादू

जादूला मर्यादा असावी लागते. मर्यादा सोडलेली जादू शेवटी आपल्याच धन्याला गिळते. हे वाक्य माझ्या दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत, खाली दोन रेघा मारून लिहिलेलं आहे. त्याच्याखाली निळ्या शाईत 'रॉकेल आणणे' असं आहे. रॉकेल आलं असावं, कारण त्यावर काट मारलेली आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी जळगावचा, शिकायला धुळ्याला, देवपुरात खोली करून राहत होतो. अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या माझ्या आतेभावाकडे एका खेळाचं पुस्तक होतं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं, आपलं पात्र काय करतं ते बोलायचं आणि जमलं की फसलं ते फाशांनी ठरवायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत. आठ दिवसांत पुस्तक परत करायचं होतं म्हणून मी जळगावात स्टेशनजवळ त्याची झेरॉक्स काढली. वीस पैलूंचा फासा लागेल असं त्यात लिहिलं होतं. तो धुळ्यातच काय, कुठेही कसा दिसतो हे आम्हांला ठाऊक नव्हतं. आम्ही तांबोल्यातले एक ते वीस आकडे एका पिशवीत घातले. किरकोळ कामांना लुडोचा फासा होता.

रविवारी दुपारी तिघे यायचे. कॉलेजात गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती, त्यामुळे शिंदखेडा, भडगाव आणि धुळे असे तीन तालुके माझ्या खोलीत बसत. शिंदखेडा जादूगार झाला होता. भडगाव गोष्टीत त्याचा चुलतभाऊ, धंद्याने चोर. धुळ्याच्या वडिलांचं पत्र्याच्या ट्रंका बनवायचं दुकान होतं. तो झाला तलवारबाज. मी गोष्ट सांगणारा, म्हणजे त्या जगाचा देव. देवाने तेव्हा नुकती मिशी राखली होती.

पुस्तकातली जादू अशी होती: जादूगाराने सकाळी उठून मंत्र पाठ करायचे. मंत्र एकदा म्हटला की तो डोक्यातून साफ पुसला जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठांतर. हे मला फार गूढ वाटलं आणि मी ते तशाच आवाजात वाचून दाखवलं. भडगाव म्हणाला, यात गूढ काय आहे, आपण पेपर देऊन बाहेर आलो की काय उरतं? मंत्र फसला तर एटीकेटी मिळते का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

अडचण वेगळीच निघाली. भाव वाढेल म्हणून माळ्यापर्यंत कापूस भरून ठेवणाऱ्या घरातला शिंदखेडा मंत्र खर्चच करीना. समोर राक्षस उभा असला तरी म्हणायचा, राहू दे, पुढे लागेल. तलवारबाजाने मार खायचा, चोराने पळायचं आणि जादूगाराने पाठांतर सांभाळून घरी यायचं, असं वर्षभर चाललं. शेवटी धुळे म्हणाला, "याची जादू लग्नात आलेल्या भांड्यांसारखी आहे. माळ्यावरच मरणार."

ते शिंदखेड्याला लागलं. पुढच्या रविवारी तो नवीन नियम घेऊन आला, आणि तो नियम त्याने घरातूनच उचलला होता.

श्रावणात आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई ही देवी बसते. तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या माणसामागे सव्वा मूठ गहू मोजतात. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. शिंदखेड्याचं म्हणणं, जादू तशी असावी. कुळाच्या माणसामागे सव्वा मूठ जादू मोजायची. पौर्णिमेला उरली तर घराला दोष. कुळाबाहेरच्या माणसावर चालवायची नाही.

मी थक्क झालो. अमेरिकेतल्या लोकांनी पानंच्या पानं खर्चून जे साधलं नव्हतं ते यात होतं. जादूगार मंत्र साठवू शकत नव्हता आणि जगावर राज्यही करू शकत नव्हता, कारण जग भाऊबंदकीत बसत नाही. ते लाल शाईतलं वाक्य मी त्याच दुपारी लिहिलं. शिंदखेड्याने स्टीलच्या डब्यात चिंचोके मोजून भरले. एक मंत्र, पाच चिंचोके. आणि जादूगार अचानक उदार झाला. साध्या दाराची कडी काढायलाही मंत्र म्हणू लागला.

पौर्णिमेला दोन दिवस उरले असताना, अर्थात गोष्टीतल्या पौर्णिमेला, गडावरच्या राक्षसाने तलवारबाजाला लोळवलं. जखम अशी की मंत्र नाही मिळाला तर संपला. डब्यात मूठभर चिंचोके होते.

इथे एक सांगायला हवं. धुळ्याच्या वडिलांना रविवारी तो दुकानात हवा होता. तलवारबाज जिवंत आहे तोवर रविवार माझा, मग तुमचा, असं त्याने वडिलांशी ठरवलं होतं. वडिलांना ते कितपत कळलं होतं कोण जाणे, पण त्यांनी मान्य केलं होतं. आम्हां सगळ्यांना हे माहीत होतं.

धुळे म्हणाला, "टाक मंत्र."

शिंदखेड्याने डबा स्वतःकडे ओढला. "तू कुळातला नाहीस रे."

"हो. मागच्या श्रावणात तुझ्या आईने मला रोट न देता वेगळी शेवभाजी केली होती."

"भडगावलाही केली होती," शिंदखेडा म्हणाला.

"चांगली होती," भडगाव म्हणाला.

शिंदखेडा आणि धुळे, दोघांनी माझ्याकडे पाहिलं. नियम मोडला तर जादूला अर्थ राहणार नाही, असं काहीतरी मी बोललो. आज आठवलं की कानशिलं गरम होतात. तलवारबाजाला बेशुद्ध ठेवून आम्ही खेळ आठवडाभर थांबवला.

शिंदखेडा शनिवारी एसटीने घरी गेला आणि त्याने आईला विचारलं की बाहेरच्या माणसाचा जीव जात असेल तर रोट देता येतो का. खेळाचं काही सांगितलं नाही. आईने विचारलं, कोण आजारी आहे? हा म्हणाला, मित्र. मग तिने विचारलं, गहू मोजताना त्याला धरलं होतं का?

रविवारी तो माझ्या खोलीत आला तो थेट वहीवरच गेला. चिंचोके मोजले त्या दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात होती: 'पावणेचार मुठी.' कुळाची माणसं दोन, जादूगार आणि चोर. मुठी अडीच व्हायला हव्या होत्या. त्याने खोलीत बसलेली डोकी मोजली होती. गोष्ट सांगणारा देव मोजणीत येत नाही, म्हणून तीन. ही चूक त्याच्याही लक्षात आली नव्हती आणि लिहिताना माझ्याही.

मग त्याने आईचा निकाल तिच्याच शब्दांत सांगितला: "त्याले मोजेल शे ना? मंग तो घरनाच शे." मोजलाय, म्हणजे घरचाच.

त्याने पाच चिंचोके काढून धुळ्यासमोर ठेवले. तलवारबाज उठून बसला. आईने आजारी मित्रासाठी डिंकाचे लाडूही पाठवले होते. धुळ्याने ते एकट्याने खाल्ले, आजारी मीच होतो म्हणाला.

त्या दुपारी मी पहिल्यांदा वहीतल्या सव्वा मुठीच्या नियमाखाली सही केली, पूर्ण नावाची, तारखेसह.

तासाभरात गड उतरताना तलवारबाजाचा पाय घसरला. पडलेल्याला किती लागलं हे लुडोच्या फाशावर ठरायचं. सहा आला तर मेला. धुळ्याने फासा टाकला. सहा. फासा वहीच्या मधोमध पडला होता. तो खाली जमिनीवर गेला असं आम्ही चौघांनी ठरवलं, आणि खाली पडलेला फासा धरत नाहीत.