टेबलावर राहिलेली डिस्क

...तर फूटपट्टीकाकांनी ती डिस्क लॅपटॉपवरून उपटली आणि घरीच टेबलावर ठेवून दिली, इथपर्यंत आलो होतो ना आपण? आता पुढची गंमत ऐका. गंमत तुमची-माझी हो, काकांचा मात्र जीव जायची वेळ.

काका घरांचे नकाशे काढायचे. जन्मभर कागदावर काढले, साठीनंतर लॅपटॉपवर. तोही सुनेचा जुना. त्याचं पोट एवढंसं, मशीन चालवणारं लिनक्स आत मावलं हेच नशीब. म्हणून सुनेने नकाशाचा प्रोग्राम बाहेरच्या डिस्कवर बसवला, डिस्क झाकणावर चिकटवली, वायर जोडली आणि पडद्यावर प्रोग्रामचं चित्र ठेवलं. चित्रावर टिचकी मारा, डिस्कवरून नकाशा हजर!

काकांना त्या वायरची भारी लाज. "सलाइन लावल्यासारखं दिसतं गं," म्हणायचे. त्यात नकाशा दाखवायचा नवा बंगला बांधू पाहणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या घरी. असलं आजारी यंत्र तिथे कसं न्यायचं? चित्र तर पडद्यावर दिसतंय, म्हणजे प्रोग्राम आतच असणार, असं स्वतःला समजावून ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले.

तिथे डॉक्टरीणबाई, त्यांचे यजमान, सासूबाई, सगळे सोफ्यावर सरसावून बसलेले. काकांनी टिचकी मारली. काही नाही. दहा वेळा मारली. ढिम्म. शर्ट पाठीला चिकटला.

"आमच्या सूनबाईंचा प्रताप हो," काका म्हणाले. "हजारदा सांगितलं, माझ्या मशीनला हात लावू नकोस."

आणि तिला जाब विचारायला फोन लावला, तोही सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बाबा, डिस्क लावलीय ना?" सुनेने विचारलं.

तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला! पण चार माणसांत मागे कसं फिरायचं?

"लावलीय म्हणजे? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पलीकडे डिस्क तिच्या समोरच होती, चहाच्या कपाशेजारी.

"बरं," ती म्हणाली. "आलेच मी."

वीस मिनिटांत ती धापा टाकत आली. सगळ्यांकडे पाठ करून बसली, पर्समधून डिस्क काढून गुपचूप जोडली. टिचकी मारली आणि बंगला जिन्यासकट पडद्यावर उभा राहिला.

"काय झालं होतं गं?" डॉक्टरीणबाईंच्या सासूबाईंनी विचारलं.

"माझंच चुकलं," सून म्हणाली. "काल मशीन पुसताना मीच काहीतरी काढून ठेवलं." काकांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

तिने रागाने एकदा पाहिलं असतं तरी काकांना बरं वाटलं असतं. त्यांचे कान तापले. मान वर होईना. डॉक्टरीणबाई खुशीत होत्या, पडद्यावर जिना न्याहाळत होत्या. गप्प बसलं तर काम हातचं जात नव्हतं, आणि इज्जतही झाकलेली राहत होती.

तेवढ्यात सासूबाई काकांकडे वळून हसल्या. "तुम्ही म्हणालात तेच खरं हो. या हल्लीच्या सुना! हात लावतील त्याची वाट."

काका उठून उभे राहिले. म्हणाले:

"नाही हो, तिने काही काढलं नाही. मशीन गरिबाघरचं दिसू नये म्हणून डिस्क मीच काढली, फोनवर खोटं मी बोललो आणि नावं तिला ठेवली. नकाशा दुसऱ्याकडून काढून घ्यायचा तर घ्या, पण तिला काही बोलू नका."