दहा किलोंचा नियम

३१ मे, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे. बोईसरजवळच्या आमच्या रुग्णालयातील बालशस्त्रक्रियागृहाचा त्या वेळी पुरेपूर वापर चालू होता: टेबलावर श्रीखंडाचे डबे आणि मोठ्या दिव्याखाली पुढेसाहेबांचा निरोप समारंभ. वातानुकूलित खोली तेवढी एकच.

पुढेसाहेब हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. ते आमचे अधीक्षक आणि शल्यचिकित्सक. लहान मूल दिसले की "पुढे पाठवा" म्हणत. पुढे म्हणजे मुंबईला. पाठवण्यात माया मात्र फार. चिठ्ठी स्वतः लिहीत, आईला चहा पाजत, रुग्णवाहिका फाटकाबाहेर जाईपर्यंत हात हलवत.

दहा किलोंखालच्या मुलाला येथे भूल द्यायची नाही, हा नियमही त्यांचाच. दहाच का, असे मी नवी वैद्यकीय अधिकारी असताना विचारले. मला पुराव्याची खोड होती. "डॉक्टर, आकडा गोल असला की कुणी भांडत नाही," ते म्हणाले. आठवड्यातून एकदा येणाऱ्या भूलतज्ज्ञांनाही तो आकडा मनापासून पटला होता. डोंगरातली मुले चालू-बोलू लागली तरी दहा किलोंची होत नाहीत, एवढीच त्यात अडचण होती.

त्या दुपारी दार ढकलून सालवडची एक बाई आत आली. नवरा कारखान्यात, कडेवर दोन वर्षांचा मुलगा. त्याचा हर्निया साहेबांनी दोनदा पुढे पाठवला होता आणि दोन्ही वेळा तो लांबची तारीख घेऊन परतला होता. आज आतडे अडकले होते. पोर हिरवे ओकत होते.

"रुग्णवाहिका बोलवा," साहेब सवयीने म्हणाले.

"नाय साहेब. दोनदा तुमचं ऐकलं. आता आमी हितनं हलनार नाय." तिने मुलाला सरळ श्रीखंडाशेजारी टेबलावर ठेवले.

साहेबांनी गाठ हलक्या हाताने आत सारून पाहिली. सरकली नाही. मुंबई येईपर्यंत आतडे काळे पडले असते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, सारे एकाच वेळी एकाच खोलीत हजर होते. त्यांच्या कारकिर्दीत हे प्रथमच घडत होते, आणि तेही श्रीखंडामुळे.

"वजन?"

"नऊ किलो सातशे, सर," परिचारिकेने काटा पाहून सांगितले.

भूलतज्ज्ञांनी वाटी खाली ठेवली. "अहो, नियम तुमचाच आहे."

"मग मीच मोडतो. आजचा दिवस अजून नोकरीत आहे." साहेबांनी गळ्यातला हार काढला. "डबे उचला. टेबल धुवा."

आतडे वाचले. टाकेही सुबक पडले. बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, एवढी वर्षं हे इथं जमत होतं की काय?" पुरावा आत झोपला होता.

साहेब आता एडवणला घरी असतात. नव्या साहेबांनी त्यांचा नियम चौकटीत बसवून भिंतीवर लावला आहे. मधूनमधून एडवणहून फोन येतो, साहेब खुशाली विचारत नाहीत, फक्त म्हणतात, "वजन?"

पावसाळा सरताना तो मुलगा तपासणीला आला. नियमानुसार तो आता शस्त्रक्रियेस पात्र आहे. दहा किलो, पन्नास ग्रॅम.