हिरव्या शिडाचा मचवा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आमच्या ह्यांना नाही, देवापुढेही नाही — त्याला काय, ठाऊकच असणार. तुम्ही समोर बसलात म्हणून तोंड उघडतेय. मध्येच अडखळले तर राग मानू नका.

रेवसला मुंबईची आगबोट लागायची, तेव्हाची गोष्ट. तीस सालाच्या आसपासची. खाडीकाठच्या गावात मी मुलींच्या शाळेवर मास्तरीण होते. तोंडाची फटकळ, शिस्तीची कडक. एका वादळात पलीकडच्या कोळीवाड्याचा मचवा बुडाला. त्यातल्या एकाचंही प्रेत हाती लागलं नाही. खाडीवरून रडणं ऐकू यायचं, आणि माझ्या मुली पाढे म्हणता म्हणता गप्प व्हायच्या.

मीच म्हटलं, त्यांच्या पोरांसाठी हातानं काहीतरी करा. काय जीव ओतून केलं हो त्यांनी! चिंध्यांच्या बाहुल्या, शिंपल्यांच्या माळा. हलिमानं — तिचा बाप गलबतावर तांडेल — पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा वीतभर मचवा कोरला. त्याला शीड लावलं आपल्या फाटक्या हिरव्या ओढणीचं. टोपली भरली. "बाई, आम्ही पण येतो," म्हणाल्या. मी म्हटलं, नको, मी पोचवते.

पोचवली का? — नाही.

ओहोटी होती, बांधावरून निघाले. रडणं जवळ आलं. हे मला सोसवणार नाही, असं वाटलं — निदान इतकी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आले. खरं सांगू? सुतकाच्या घरात शिरायचं, त्या बाया गळ्यात पडणार, लुगड्याला मासळीचा वास लागणार, मग घरी डोक्यावरून अंघोळ आणि वर सासूबाईंची बोलणी. त्याचा मला कंटाळा आला. एवढंच. टोपली खाडीत उपडी केली आणि पाठ फिरवली.

शाळेत सांगितलं, पोरांनी बाहुल्या छातीशी धरल्या. माझ्या मुली रडल्या.

मग कानावर आलं. भरतीनं तो मचवा कोळीवाड्याच्या पुळणीवर नेऊन टाकला होता. चांगुणा नावाच्या कोळणीला सापडला. तिच्या बुडालेल्या नवऱ्यानं लेकीला असाच मचवा करून द्यायचं कबूल केलं होतं. बाकीच्या बायांनी बांगड्या फोडल्या, हिनं हात मागे घेतला. हिरवं शीड! म्हणजे हिरव्या बांगड्या उतरवू नकोस, हाच त्याचा निरोप. तो कुठंतरी किनाऱ्याला लागलाय, असं तिनं धरलं.

हलिमा आली. "बाई, तो माझा तर न्हाय?" मी खेकसले, "हिरवी ओढणी काय गावात तुझ्या एकटीचीच आहे? गप्प बस!" त्या मचव्याबद्दल ती पोर कायमची गप्प बसली.

चांगुणा तरणी होती. पाट लावायला चांगली माणसं विचारत आली. "माजा घो जिता हाय," म्हणून तिनं सगळ्यांना परतवलं. एका नारळी पौर्णिमेला धक्क्यावर तिनं माझा हात धरला. "बाय, तू शिकलेली. सांग, येल ना गो तो?"

तेव्हा सांगता आलं असतं. अजून वय होतं तिचं. का नाही माझी जीभ उचलली?

मी म्हटलं, "येईल."

ती वाट बघतच म्हातारी झाली. गेल्या थंडीत गेली. हिरव्या बांगड्यांसकट नेली तिला. मी बांधावर लांबच उभी होते.