उधळ्या पोराचं चोपडं

मी प्रभूच्या सेवेला लागलो तो मास्तरकी मिळाली नाही म्हणून. मिशनच्या शाळेतली रिकामी जागा तिथल्या गोऱ्या साहेबाच्या खानसाम्याच्या जावयाला गेली आणि माझ्या वाट्याला एक सायकल, एक पत्र्याची पेटी आणि पेटीभर येशूची छापील सुवार्ता आली. साहेब म्हणाला, ही मास्तरकीपेक्षा मोठी सेवा आहे. एवढी मोठी होती तर ती जावयाला का दिली नाही, हे मी विचारलं नाही. घरी आई मात्र रोज विचारायची.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि आम्ही सगळे नागपूरच्या राज्यात. माझं काम असं की आठवडी बाजार असेल तिथं जायचं, पेटी उघडून बसायचं आणि पुस्तकं विकायची. फुकट वाटायची पत्रकं वेगळी. शेलूबाजारला माझी जागा एका बाजूला मिरचीवाली आणि दुसऱ्या बाजूला दोरखंडवाला यांच्या मधोमध. मिरचीचा खकाणा उडाला की माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि नवखा माणूस समजायचा की हा बुवा लोकांच्या पापांसाठी रडून राह्यला.

पत्रकं लिहिणारे विद्वान दूर पुण्याकडचे असावेत. ‘हे पातक्या, तू कोठवर पळशील?’ असं एकाचं सुरुवातीचं वाक्य. किन्हीराजा गावच्या एका शेतकऱ्याला मी ते वाचून दाखवलं, तर तो मागे वळून पाहू लागला की कोण पळून राह्यलं. पण पत्रकांना मागणी फार. कागद जाड असायचा आणि तंबाखूची पुडी त्यात चांगली टिकायची. साहेब जीपमध्ये उभा राहून ती वाटायचा, चहूकडून हात पुढे यायचे, आणि साहेब त्याच्या देशात कळवायचा की इथली भूमी देवाच्या वचनासाठी तहानलेली आहे. दोरखंडवाल्याच्या हिशेबानं ती तंबाखूसाठी तहानलेली होती. पण त्याला कोणी अहवाल लिहायला सांगितला नव्हता.

विकायच्या पुस्तकांत एक पातळ चोपडं होतं, तांबड्या पुठ्ठ्याचं. त्यात एका बापाची आणि दोन पोरांची गोष्ट. धाकटा आपला वाटा घेऊन परदेशी जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, मग घरी परततो, आणि बाप त्याला गळ्याशी धरून मेजवानी देतो. थोरला शेतातून येतो, घरात गाणंबजावणं ऐकतो आणि रागानं बाहेरच थांबतो. बाप त्याची समजूत काढायला बाहेर येतो. तिथं चोपडं संपतं. पुठ्ठ्यावर बापलेकांची गळाभेट छापली होती. पण तो बाप होता लांब झग्याचा, दाढीवाला, आणि आमच्याकडे तसला माणूस म्हणजे व्याजानं पैसे देणारा पठाण. त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं की पठाणानं कोण्या बिचाऱ्याची मानगूट पकडली. लोक हळहळायचे आणि चोपडं खाली ठेवायचे.

ते चोपडं उभ्या उभ्या पूर्ण वाचणारा पहिला माणूस मला शेलूबाजारलाच भेटला. किन्हीराजाकडच्या एका खेड्यातल्या पाटलाचा धाकटा मुलगा. वय माझ्याएवढंच, अंगात कधीकाळचा रेशमी सदरा आणि पायांत काहीच नाही. त्याची कथा साऱ्या बाजाराला माहीत होती. वाट्याची जमीन विकून तो अकोल्याला गेला, भागीदारीत सिनेमाचा तंबू काढला आणि गावोगाव हिंडला. मग तंबू गेला, भागीदार गेला आणि हा तेवढा उरला. बापानं त्याला गोठ्यात झोपायला जागा दिली होती. थोरल्यानं तीही नको म्हटलं होतं. चोपडं वाचून झाल्यावर त्यानं पहिलं पान परत काढलं, पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, “ह्ये छापलं कोनं?”

मी म्हटलं, मिशननं.

“सरकारमान्य हाय?”

मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाही कळलं नाही. त्यानं चोपडं विकत घेतलं. पुठ्ठ्याला हळहळून ते खाली न ठेवणारा माणूस पहिल्यांदाच मिळाला, म्हणून मी त्या संध्याकाळी आईला सांगितलं की आज बी सुपीक जमिनीत पडलं.

पुढच्या बाजारी पाटलाचा थोरला येऊन माझ्या सायकलीचं हँडल धरून उभा राहिला. थोरला म्हणजे कामाचा माणूस. हाताची बोटं अशी की हँडल वाकेल असं वाटावं. मी मार खायची तयारी केली. पण तो मारायला आला नव्हता, गिऱ्हाईक म्हणून आला होता. त्यानं सांगितलं की धाकटा रोज पारावर बसून चोपडं मोठ्यानं वाचतो, म्हातारा ऐकतो आणि डोळे पुसतो, आणि गावातली रिकामी माणसं थोरल्याला रस्त्यात विचारतात, का हो, घरात केव्हा जाता? तेव्हा याच्या पुढचं चोपडं त्याला हवं होतं.

पुढचं नाही, एवढंच आहे, असं मी सांगितलं.

“मंग थोरल्याचं काय झालं?”

“लिहिलेलं नाही.”

“काहून?”

मिशनच्या वर्गात शिकवलेलं उत्तर माझ्यापाशी तयार होतं. वाचणाऱ्यानं ते आपल्या मनात ठरवावं, म्हणून लिहिलेलं नाही, असं मी म्हणालो.

“माह्या मनात मी कवाच ठरवलं,” तो म्हणाला. “मले छापून पाह्यजे.”

त्याचं म्हणणं साधं होतं. धाकट्याच्या बाजूनं छापील पुरावा आहे, तर थोरल्याच्या बाजूनंही मिशननं काढावा. मिशन धर्माचं काम करतं ना? मग एकाच भावाची वकिली कशी करतं? मी ते साहेबाला सांगायचं कबूल केलं.

साहेबाला मी एवढंच म्हणालो की एका गावात चोपड्यावरून बरीच चर्चा चालली आहे. साहेबानं डोळे मिटले. उघडले तेव्हा त्याला त्या गावात जागृती झालेली दिसत होती. मी भाऊबंदकीचा विषय काढला, तर तो म्हणाला, पवित्र आत्मा असाच काम करतो. त्या दिवसांत सरकार धर्मांतराच्या संशयानं मिशनकडे जरा डोळे बारीक करून पाहत होतं. साहेबाला अशा जागृतीची फार गरज होती, सरकारला नव्हे, त्याच्या देशातल्या वर्गणीदारांना दाखवायला.

आम्ही दुपारी जीपनं निघालो. सोबत बाजाची पेटी आणि फोटो काढायचा कॅमेरा. गाव पारावर जमलं होतं, कारण त्या गावात जीप म्हणजे एकतर मतं मागणारा किंवा तहसीलदार, आणि दोघांच्याही वेळी जमलेलं बरं. म्हातारा पाटील घोंगडीवर बसला होता. धाकटा त्याच्या पायाशी, मांडीवर चोपडं. थोरला दूर, विहिरीच्या बाजूला. गावाचे सरळ दोन तट पडले होते. ज्यांचे धाकटे भाऊ उडाणटप्पू होते ते थोरल्याकडे आणि जे स्वतः उडाणटप्पू होते ते धाकट्याकडे.

साहेबाचं मराठी डोंगरावरच्या भाषाशाळेत शिकलेलं. शब्द सगळे खरे, फक्त पुल्लिंग-स्त्रीलिंग प्रभूच्या हवाली. “माझी प्रिय बंधूंनो,” त्यानं सुरुवात केली आणि गोष्ट रंगवून सांगू लागला. सांगायची हातोटी त्याला होती, हे मान्य केलं पाहिजे. धाकटा डुकरांमागे गेला तेव्हा बायांनी तोंडाला पदर लावला. तो परत आला आणि बाप धावला, तेव्हा म्हातारा पाटीलही घोंगडीवर जरा पुढे सरकला. मी मनात म्हटलं, आता साहेबानं इथंच थांबावं. मी विकताना नेहमी इथून उडी मारून ‘मग मोठी पंगत झाली’ असं म्हणायचो.

साहेबाला उडी मारणं माहीत नव्हतं. “आणि बाप म्हणाला,” तो प्रसन्नपणे म्हणाला, “चांगला पोसलेला वासरू आणून कापा.”

पारावर कोणी हललं नाही. साहेबाला वाटलं की शब्द कळला नाही. म्हणून त्यानं गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं.

लोक ओरडले नाहीत, उठलेही नाहीत. धाकट्याच्या तटातली माणसं फक्त हळूहळू सरकून थोरल्याच्या तटात जाऊन बसली. धाकट्यानं ते पान रोज गाळलं असणार, हे माझ्या लक्षात आलं. पोरगा हुशार होता. विहिरीकडून थोरल्याचा आवाज आला. तो शांतपणे म्हणाला, “पोरगा घरी आला म्हनून वासरू कापते. असल्या मानसाची अक्कल आमच्या बापानं घ्यावी काय?”

साहेब माझ्याकडे पाहू लागला. मी बाजाच्या पेटीकडे पाहू लागलो. तेवढ्यात म्हाताऱ्या पाटलानं हात वर केला आणि विचारलं की या पोरांची माय कुठं आहे. चोपड्यात बाप आहे, पोरं आहेत, नोकर आहेत, डुकरंसुद्धा आहेत. मायचं नाव नाही. ती मेली होती काय?

साहेबाला हा प्रश्न आवडला. त्यानं समजावून सांगितलं की हा बाप म्हणजे खरं तर परमेश्वर. आणि परमेश्वराला पत्नी नाही.

“तरीच,” म्हातारा म्हणाला. “माय असती तं हे पारावर आलं नसतं.”

त्याची स्वतःची बायको धाकटा अकोल्याला असताना गेली होती. हे सगळ्या गावाला माहीत होतं, साहेबाला नव्हतं. पारावरची माणसं खाली पाहू लागली. धाकट्यानं चोपडं मिटलं.

मग म्हातारा काठी टेकत उठला. त्याला धरायला दोघेतिघे पुढे झाले, त्यांना त्यानं मागे सारलं. तो पार उतरला आणि हळूहळू चालत विहिरीपाशी गेला. थोरला उभाच होता. म्हातारा त्याच्यापुढे खाली मातीत बसला. बाप खाली बसलेला आणि आपण उभे, हे थोरल्याला बरं दिसेना, म्हणून तोही बसला. दोघं काय बोलले ते कोणाला ऐकू आलं नाही. थोरला बराच वेळ मान हलवून नाही म्हणत होता. मग त्यानं मान हलवणं थांबवलं आणि डोक्याचा शेला काढून तोंडावर धरला.

मी साहेबाला म्हणणार होतो की बघा, चोपड्यातला शेवट तिकडे होऊन राह्यला. पण साहेब पाठ करून उभा होता. तो धाकट्याचा फोटो काढत होता. धाकट्याला हात जोडायला सांगितले होते, नजर जरा वर, मग आणखी वर.

म्हातारा परत आला तो निकाल घेऊन. धाकटा गोठ्यातून घरात येईल, पण घरी बसून खाणार नाही. थोरल्याची तेवढी अट होती. आणि मेजवानी म्हणाल तर वासरू गोठ्यातच राहील, पुरणाचा स्वयंपाक होईल. थोरल्याची बायको दाराआडून ऐकत होती. ती काय म्हणाली ते मला नंतर कळलं: गोष्ट कोनाचीही असो, पुरन वाटाले मलेच लागते. आम्हालाही जेवायला बसवलं. साहेबानं पुरणपोळ्यांवर आशीर्वाद मागितला आणि भरपूर खाल्ल्या.

जेवण झाल्यावर म्हाताऱ्यानं साहेबाला सरळ विचारलं की या पोराला तुमच्याकडे काही काम आहे काय. वाचता येतं, बोलता येतं, गावोगाव हिंडायची सवय आहे. साहेबाला यात स्वर्गाची योजना दिसली. मला माझी सायकल जाताना दिसली, आणि माझं बरोबर निघालं. पुढच्या महिन्यापासून पत्र्याची पेटी धाकट्याकडे आणि मी त्याचा मदतनीस, पायी. साहेबाच्या देशातल्या मासिकात त्याचा हात जोडलेला फोटो आला. खाली छापलं होतं की अख्खं गाव बाप्तिस्म्याच्या उंबरठ्यावर आहे. गावानं तो उंबरठा कधी ओलांडला नाही. धाकट्यानंही नाही. साहेब विचारायचा तेव्हा तो अदबीनं म्हणायचा की बापाले विचारून सांगतो. पोहरादेवीच्या जत्रेला तो पेटी घेऊन जायचा, आधी देवीचं दर्शन घ्यायचा, मग येशूची पुस्तकं विकायचा, आणि दोन्हीकडे त्याचं मन स्वच्छ असायचं.

आणि तो विकायचा काय! पुठ्ठ्यावरच्या पठाणावर बोट ठेवून सांगायचा, “हा माहा बाप. अन् हा मी.” सिनेमाच्या तंबूबाहेर ओरडून कमावलेला गळा होता. लोक डुकरांपाशी रडायचे आणि पुरणपोळीपाशी चोपडं घ्यायचे. साहेबानं त्याला एकदा बोलावून सांगितलं की मूळ वचनात वासरू आहे, त्यात फेरफार करायचा आपल्याला अधिकार नाही. तो म्हणाला, “साहेब, वासरू कापलं तं बाजार मले कापन.” साहेबानं विक्रीचा आकडा पाहिला आणि मूळ वचनाचा विषय पुन्हा काढला नाही.

एकदा सुगीच्या दिवसांत शेलूबाजारला एका ओट्यावर उभं राहून त्याचं असंच रंगात आलेलं. मी मागे पुस्तकं लावत होतो. गर्दीच्या कडेला थोरला उभा राहिलेला मला दिसला, कापूस विकून आलेला, खांद्यावर रिकामी पोती. धाकट्याला तो दिसला नाही. तो शेवटाकडे आला होता: थोरला भाऊ कसा रागानं बाहेर उभा राहिला, दगडासारखा, आणि बाप कसा त्याच्या पाया पडला. लोक च्‌च्‌ करू लागले.

“पाया नाही पडला,” थोरला मागून म्हणाला.

सगळे वळले.

“मातीत बसला,” थोरला म्हणाला. “अन् म्हने, तुह्या मायनं जाताना दोघाईचं नाव घेतलं. मले एकट्याचं घेता येत नाही.”

धाकट्याला हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होतो. गर्दीतल्या कोणी तरी विचारलं की हा कोण, चोपड्यात आहे काय. धाकटा ओट्यावरून उतरला. थोरल्यानं त्याच्या खांद्यावर एक रिकामं पोतं टाकलं, आणि म्हणाला की चाल, चहा पिऊ, तुहा घसा बसला. ते दोघे हॉटेलाकडे गेले. गर्दी जरा वेळ थांबली, मग मिरचीवालीकडे वळली, आणि त्या दिवशीची उरलेली चोपडी मी पेटीत भरली.