काळं कापड, पांढरं बटन

गेवराईच्या सरकारी दवाखान्यात मी एकवीस वर्षं कंपौंडर होतो. एवढ्या वर्षांत किती लोकांना कुनैन पाजलं आणि किती जणांची गळवं फोडली, ते मला आठवत नाही आणि आठवायची हौसही नाही. उमापूरचा धुळाजी मेंढपाळ तेवढा डोक्यातून जात नाही. त्याची नजर माझ्यामुळे गेली. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

धुळाजी उंच आणि वाळका, खांद्यावर घोंगडी, बोलणं कमी. त्याच्या नजरेचा आसपासच्या गावांत बोलबाला होता. ओढ्यापलीकडे चरणाऱ्या मेंढीचा उजवा कान कातरलाय की डावा, हे तो अलीकडच्या बांधावरून सांगायचा. दोन कळप मिसळले आणि भांडण लागलं की लोक त्यालाच बोलावत. तो काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा आणि ही तुझी, ती सटवाची, असा निवाडा करायचा. त्यावर कुणी हुज्जत घालत नसे. मेंढपाळांत डोळ्यांची परीक्षा ती एकच. लांबचा कान दिसला की डोळे शाबूत.

फसली तेराशे एकतीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बावीसच्या उन्हाळ्यात तो दवाखान्यात आला, तो डोळ्यात कुसळ गेलं म्हणून. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. वर्षातून दोनदा दौऱ्यावर येणारे डोळ्यांचे डागदरसाहेबही त्याच दिवशी आलेले. साहेबांनी कुसळ काढलं. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर घरी पाठवला असता, पण आमच्या साहेबांना डोळ्याच्या आत डोकावल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी धुळाजीला अंधाऱ्या खोलीत बसवलं, त्याच्या डोक्यामागे कंदील ठेवला आणि मधे भोक असलेला छोटा आरसा स्वतःच्या डोळ्याला लावून बराच वेळ आत बघत राहिले.

"नस का गड्ढा गहरा है," बाहेर येऊन ते मला म्हणाले. "पर्दे पर देखो."

डोळ्याच्या तळाशी जिथे पाहण्याची शीर असते, तिथे वाटीसारखी खोलगट जागा सगळ्यांनाच असते. धुळाजीची वाटी जास्त खोल होती. ती काचबिंदूची सुरुवात असेल किंवा नसेलही, कारण काही माणसांची जन्मापासूनच तशी असते. मोतीबिंदू माणसाला कळतो, सगळं धुरकट होतं. काचबिंदूचं तसं नाही. बहुतेकांना तो दुखत नाही, खुपत नाही, नजर कडेकडेने कुरतडत येतो आणि मधलं शेवटपर्यंत चांगलं ठेवतो. नुसत्या आरशाने नक्की सांगता येत नव्हतं, म्हणून पडद्याची परीक्षा. ते काम माझ्याकडे होतं.

पडदा म्हणजे भिंतीवर ताणलेलं काळं कापड, मधोमध पांढरं बटन. रोग्याने समोर दोन हात अंतरावर बसायचं, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने फक्त बटनाकडे बघायचं. मी काळ्या काडीच्या टोकाचा पांढरा मणी कडेकडून आत आणायचा. मणी दिसला की त्याने सांगायचं, मधेच दिसेनासा झाला तरी सांगायचं. जिथे दिसेनासा होईल तिथे मी काळी टाचणी टोचायची. आणि साहेबांनी बजावून ठेवलेली एक गोष्ट होती. चांगल्यातल्या चांगल्या डोळ्यालाही कानाच्या बाजूला एका ठिकाणी काहीच दिसत नाही. ते ठिकाण आधी शोधायचं. तिथेही रोगी "दिसतंय" म्हणाला, तर तो बटनाकडे बघतच नाही असं समजायचं आणि परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्यायची.

सकाळपासून मी उभा होतो. दुपार टळून गेली होती, पोटात फक्त पाणी. त्या आधी नऊ जणांना पडद्यासमोर बसवलं होतं आणि नऊही जण मण्याकडे बघत होते. मान हलवू नका, बटनाकडे बघा, हे सांगून घसा बसला होता. काडी वर धरून धरून दंड भरून आला होता. धुळाजी दहावा.

"दिसलं," तो म्हणाला. मी काडी फिरवली. "दिसलं. हे बी दिसलं." कानाच्या बाजूच्या त्या जागेवर मणी नेला, तिथेही तो म्हणाला, "दिसतंय की."

मला तिथेच कळायला हवं होतं. कळलंच होतं. परीक्षा पुन्हा घ्यायची म्हणजे आणखी अर्धा तास काडी धरायची. मी काय केलं, तर ती जागा सगळ्यांची असते तिथे अंदाजाने टाचण्या टोचल्या आणि कापड साहेबांना दाखवलं.

"पक्का?" साहेबांनी विचारलं.

"जी हुजूर."

साहेबांना ते पटलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्या जागेखेरीज कापड साफ होतं आणि कापडावर माझी जबान होती. मणी दिसेनासा होणारा आणखी एखादा डाग सापडला असता तर त्याच दिवशी थेंब सुरू झाले असते आणि नजर हातात असतानाच त्याला ऑपरेशनला पाठवता आलं असतं. साहेबांनी त्याला सहा महिन्यांनी यायला सांगितलं आणि पुढच्या रोग्याला हाक मारली.

सहा महिन्यांनी धुळाजी कळप घेऊन गोदावरीच्या काठाने कुठेतरी लांब होता. तो कशाला येईल? ओढ्यापलीकडचा कान त्याला रोज दिसत होता. पुढे दोन वर्षं तो फिरकला नाही आणि खरं सांगायचं तर मीही त्याला विसरलो.

दोन वर्षांनी हिवाळ्यात त्याची बायको भामाबाई त्याला दंडाला धरून घेऊन आली. साहेबांचा दौरा होता हे तिने गावातून विचारून घेतलं होतं. बाई कातावलेली होती.

"आधी कळपाच्या बाजूनं चालायचे, आता मागून चालतेत," ती म्हणाली. "लोक म्हनतेत म्हातारा आळसावला. बाजूनं लांडग्यानं दोन कोकरं नेली, ह्यांला पत्ता न्हाई. अन् रोज जेवताना भांडण. ठेचा काहून न्हाई वाढला म्हनतेत. ताटात डावीकडं ठेचा हाय, बोट लावून दाखवला तर दिसतो."

"डोळे चांगले हायेत," धुळाजी म्हणाला. "समोरचा कान अजून दिसतो मला."

साहेबांनी आरशातून बघितलं आणि पडद्याकडे बोट केलं. मी धुळाजीला बसवलं, पण त्याची नजर काही बटनावर ठरेना. मेंढक्याची नजर जन्मभर कळपावरून फिरत आलेली, ती एका बटनावर कशी बसणार? भामाबाई दारातून बघत होती.

"वाघरीच्या तोंडाशी उभं ऱ्हाता ना तुमी, तसं बघा," ती नवऱ्याला म्हणाली.

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं. संध्याकाळी त्याच्या एका फटीतून मेंढरं एकेक करून आत सोडतात, तेव्हा मेंढपाळ फटीवरची नजर हलवत नाही. धुळाजी ताठ बसला. बटन म्हणजे वाघरीचं तोंड, असं त्याने मनाशी धरलं आणि पहिल्यांदाच त्याचा डोळा जागेवर थांबला. कानाच्या बाजूची ती जागा लगेच सापडली. त्यानंतर मी टाचण्या टोचत गेलो आणि त्या संपेनात. उजव्या डोळ्याला बटनाभोवती तळहाताएवढं उरलं होतं, डाव्याला त्याहून थोडं जास्त.

साहेबांनी कापड बघितलं. "जो गया सो गया," ते धुळाजीला म्हणाले. "बाकी बचाने की कोशिश करेंगे."

"गेल्या बारीला हे नव्हतं का सायेब?" धुळाजीने मला विचारलं.

"नव्हतं," मी म्हणालो.

थेंब दिले, बैलगाडीने औरंगाबादला नेऊन ऑपरेशन झालं. त्याने रोग थांबला नाही, सावकाश झाला एवढंच. कळप धुळाजीने धाकट्या भावाला, आसारामला देऊन टाकला आणि तो घरी लोकर कातत बसू लागला.

चार वर्षांनी देवी टोचायला मी उमापूरला गेलो होतो. त्याचं घर टाळून जायचं ठरवलं होतं, पण भामाबाईने ओढ्यावर गाठलं. धुळाजी ओसरीत लोकर कातायची चाती फिरवत होता. आवाजावरून त्याने मला ओळखलं. फुंकणीतून बघावं तितकं त्याला आता दिसत होतं. मला त्याच्यासमोर बसवेना. बसलो, आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. काडी, टाचण्या, माझा कंटाळा, ते "नव्हतं" म्हणून खोटं बोललो तेही.

त्याने चाती थांबवली.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "त्या दिशी म्या बटनाकडं बघितलंच न्हाई. तुमच्याकडं बघत हुतो. तुमचा हात कापत हुता, तोंड पांढरंफटक पडलतं. कळपात दमून मागं ऱ्हायलेलं जनावर असतंय ना, आमची नजर आदी तिकडंच जाती. म्हनलं, हे मानूस आता पडंल. म्हनून दिसलं दिसलं म्हनत गेलतो. लवकर सुटावं तुमी."

त्याने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. इतक्या वर्षांचा शीण आहे माझ्या अंगात, पण त्या वेळी वाटला तेवढा कधीच वाटला नाही.

भामाबाईने आम्हा दोघांपुढे ताटं ठेवली. माझा ठेचा डावीकडे होता. त्याचा तिने ताटाच्या बरोबर मधोमध वाढला होता.