वीस हातांची दोरी

भीमाबाईंना विहिरीचं पाणी मोजता येतं. नगरच्या त्या परिषदेत जमलेल्या चारशे शहाण्यांपैकी एकालाही ते येत नव्हतं. मी कुणाची बाजू घेतोय असं पुढं वाटेल, म्हणून आधीच सांगतो, घेतोच आहे.

जामखेडच्या पलीकडं आमचं गाव. मी तिथल्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. भीमाबाई अकरा वर्षं रोज सकाळी गावाच्या विहिरीत दोरी सोडतात. टोकाला दगड, हाताहातावर गाठ, अशा वीस गाठी. काठापासून पाणी किती हात खाली आहे, ते वहीत लिहितात. त्या वहीवरून ग्रामसभा ठरवते, उन्हाळी पीक घ्यायचं की नाही आणि टँकर कधी मागायचा. यंदा मार्चमध्येच विसाव्या हातावर नुसता गाळ लागला. टँकरचा अर्ज गेला. उत्तर आलं, 'क्लाउडवरील नोंदीनुसार विहीर काठोकाठ भरलेली आहे. मागणी नामंजूर.'

क्लाउड म्हणजे काय, तर विहिरीच्या तोंडाशी बसवलेलं यंत्र पाण्यापर्यंतचं अंतर मोजतं आणि आकडा कुठल्याशा लांबच्या कॉम्प्युटरात साठवतं. असं एक यंत्र गेल्या वर्षी एका कंपनीनं आमच्या सरपंचाच्या, श्रीमंतच्या हातात दिलं होतं. विहिरीवर ते आम्हाला कधी दिसलं नाही. लहानसं असेल, कुठंतरी कडेला असेल, असं म्हणून आम्ही गप्प बसलो. मूर्खपणात आम्हीही कमी नव्हतो.

मग त्याच कंपनीचं निमंत्रण आलं. नगरला क्लाउड कॉम्प्युटिंगची परिषद, आणि तिथं भर उन्हाळ्यात विहीर भरलेली ठेवणाऱ्या गावाचा सत्कार! मी ते पत्र फाडणार होतो.

"फाडू नगा गुर्जी," भीमाबाई म्हणाल्या. "टँकरचं सायेब तिथं येनार हायेत. त्यांच्या म्होरं वही ठिवते."

गेलो. सभागृहात एसीचा गारठा इतका, की लोक उन्हाळ्यात कोट घालून बसले होते. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टी आणि पट्टीला स्वतःचं नाव, जणू विसरतील. एकानं दुसऱ्याला शाल घालायची, दुसऱ्यानं तिसऱ्याला. असा दीड तास गेला. भाषणात कुणी काय सांगितलं ते सांगणाऱ्यालाही कळलं नसावं, पण टाळ्या पडत होत्या. टेबलावर दोन घोट पिऊन सोडलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. भीमाबाई त्यांतलं उरलेलं पाणी एका बाटलीत ओतत राहिल्या. शेजारचा कोटवाला हसला. त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

मग कंपनीच्या पार्थ नावाच्या साहेबानं पडद्यावर एक रेषा दाखवली. "ही तुमची विहीर, आजी. आम्हाला इथं बसून दिसते."

भीमाबाईंनी मला रेषेखालच्या तारखा आणि वेळा वाचायला लावल्या. मग त्या उभ्याच राहिल्या.

"ही हीर न्हाई! रोज सकाळी सा वाजता उतरतीया, सांजच्याला भरतीया. हीर अशी भरती व्हय? आन बारा तारखंला बगा, सगळ्यात खाली. त्या दिशी सिरीमंताच्या पोरीची हळद हुती, घरात पन्नास पाव्हनं अंगुळीला. ह्ये त्याच्या न्हानीतलं पिंप हाय!"

पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत, श्रीमंत बसला होता. त्यानं तोंडाला लावलेला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"इहिरीवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात्यात," तो पुटपुटला. "यंत्र गेलं तर सही माझी हाय. म्हून घरी ठिवलं. मंग आकडा येईना म्हून कंपनीचं फोनवर फोन. म्हून पिंपाच्या झाकनाला आतनं बसवलं."

त्याच्या दारात स्वतःची बोअर आहे. त्याचं पिंप कशाला आटतंय?

आता मंचावरच्या, टँकर मंजूर करणाऱ्या साहेबाला तरी लाज वाटेल, असं मला वाटलं. भीमाबाईंनी वही पुढं केली. त्यानं ती उघडलीसुद्धा नाही. "आजी, भावना समजतात. पण निर्णय क्लाउडवरच्या आकड्यावरच होतो." आणि त्यांच्या खांद्यावर शाल टाकली. तीस वर्षं मी ढ पोरं शिकवली, पण समोर ठेवलेलं पुस्तक ती निदान उघडून तरी बघायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाबाई श्रीमंतच्या घरी गेल्या. भांडल्या नाहीत. पिंपाचं झाकण यंत्रासकट उचललं. गोठ्याच्या भिंतीपासून दोरीनं अंगणात मोजत आल्या. विसाव्या गाठीवर एक लाकडी मेढ रोवली आणि झाकण तिला बांधलं, यंत्राचं तोंड भिंतीकडं.

"आता खरं बोल," म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. ड्रायव्हरच्या कागदावर लिहिलं होतं, 'क्लाउडवरील नोंदीनुसार विहीर कोरडी.'

विहिरीवर यंत्र न्यायला श्रीमंत अजून तयार नाही. म्हणून भीमाबाई रोज दोन खेपा घालतात. आधी विहिरीवर, मग त्याच्या अंगणात. विहिरीत पाणी जितके हात खाली, तितके हात मेढ भिंतीपासून लांब रोवायची. गुडघे दुखतात, पण चुकवत नाहीत.

परवा कंपनीचं पत्र आलं. आमच्या गावचं यंत्र जिल्ह्यात सगळ्यात बिनचूक ठरलंय. ते कसं सांभाळायचं, यावर भाषण द्यायला पुढच्या परिषदेत श्रीमंतला बोलावलं आहे.