आईबरोबरचा जपानीचा वर्ग

लॉकडाऊनमध्ये जपानी शिकायची कल्पना आईची. मी सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात घरून काम करत होते, ती आणि बाबा पुण्यात. सीमा उघडल्या की तिघांनी जपानला जायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. सिडनीतल्या एका जपानी बाईंच्या ऑनलाइन वर्गात आम्ही दोघींनी नावं घातली. शनिवारी माझी दुपार असायची, तिची सकाळ. क्रियापद शेवटी येतं, आणि वाक्याच्या टोकाला आपल्या 'ना'सारखं 'ने' लावतात, हे कळल्यावर ती म्हणाली, "ही तर आपलीच भाषा." ती माझ्यापेक्षा भराभर शिकत गेली.

दुसऱ्या लाटेत तिला ताप आला. बेड मिळायलाच उशीर झाला. मी तिकीट शोधत होते, तेवढ्यात विमानं बंद झाली. बाबांना वॉर्डात सोडत नव्हते. आई गेली, ते त्यांनाही फोनवरच कळलं.

पुढच्या शनिवारी, काय करावं ते सुचेना म्हणून मी वर्गात जाऊन बसले. बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी जपानीत विचारलं, आई कुठे आहे? मला येत होतं तेवढं मी बोलले, "हाहा वा इमासेन." म्हणजे, आई नाहीये. त्यांना वाटलं, आज आली नाही. वाक्य अगदी बरोबर आहे म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे वळल्या. 'वारली' कसं म्हणायचं ते आम्हाला अजून शिकवलं नव्हतं. मी कॅमेरा बंद केला.

मग त्यांना ईमेल करून कळवलं. त्यांचा लगेच फोन आला, आणि बराच वेळ त्या नुसती माफी मागत राहिल्या. त्यांची स्वतःची आई जपानात एकटी होती, त्यांनाही जाता येत नव्हतं.

काही आठवड्यांनी बाबांनी विचारलं, "तिच्या जागी मी बसू का?"

मला नाही म्हणवेना. ते आईच्याच लॉगिनने आले, त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव उमटलं. बाईंनी हळू आवाजात त्यांना 'ओहायो गोझाइमास', म्हणजे सुप्रभात, म्हणून दाखवलं. बाबांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. बाई थांबून राहिल्या. शेवटी बाबांनी लॅपटॉप मिटला.

मीही त्यानंतर वर्गाला गेले नाही. जपानचा विषय आम्ही दोघांनी पुन्हा कधी काढला नाही.